डझनावर एक

३ नोव्हेंबर, सोमवार

आज कालवं विकत घेतली. सहासष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. आणि तीही चोरासारखी — बस पकडून खाडीच्या पार पलीकडच्या टोकाला, जिथं मला कुणी ओळखत नाही.

रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. फळीमागची बाई म्हणाली, "किती?" आणि माझी वाचाच बसली. पस्तीस वर्षं आमच्या फळीमागून हा प्रश्न मी विचारत आले. त्याला उत्तरही द्यायचं असतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हटलं, एक डझन, मध्यम. तिनं मोजली, कागदात बांधली. मी पुडी उचलली आणि चालू लागले. बसथांब्यापर्यंत पोचले तर मागून ही पळत येतेय — "अहो मादाम, पैसे!" सगळा बाजार बघतोय. अगं बाई, कालवांचे पैसे द्यायचे असतात हे आमच्यासारख्यांना कुठून सुचणार? आमच्या बंदरात कुणी कालवं विकत घेत नाही. आपली असतात. आपली तयार नसली तर शेजाऱ्याची आणायची, पुढच्या महिन्यात त्याला आपली द्यायची.

पैसे दिले. घरी येऊन मोजली तर बाराच. बरोबर आहे तिचं. डझनावरचं तेरावं आपण माणूस बघून घालतो. वाटसरूला बारा. आपल्या माणसाला तेरा, आणि तेही न बोलता, गुपचूप. माझा नवरा क्लोव्हिस या बाबतीत महाचिकट. त्याच्याकडून तेरावं मिळायला लोकांना दहा-दहा वर्षं लागली. आमच्या डॉक्टरला शेवटपर्यंत मिळालं नाही. आज मला बारा मिळाली तर एवढं लागायला नको होतं. पण लागलं.

क्लोव्हिस खिडकीशी बसला होता. मार्चमध्ये कालवांचं शेत विकलं, आणि जुलैपासून हा तिथंच बसतो. कमरेचे दोन मणके झिजले, मुलगी तुलूजला, पाण्यातलं शेत पुढं कोण बघणार — विकावंच लागलं. शेत विकलं त्या दिवसापासून माझ्या नवऱ्यानं एक कालव तोंडात घातलेलं नाही. दिवसाला दोन डझन खाणारा माणूस. त्याचा चाकू खणात पडून आहे, मूठ कोरडी पडलीय.

पुडी बघून म्हणाला, "कुणाची?"

"बाजारातली."

"भूक नाही."

मग मी एकटीनं खाल्ली. ओट्याशी उभी राहून, लोणी लावलेल्या पावाबरोबर. बरी होती. आधी खारट, मागून काहीच नाही. शिंपले पाटीत टाकले. थोड्या वेळानं बघते तर हा उठून आलाय आणि एका शिंपल्याची पाठ अंगठ्यानं चाचपतोय.

"तीन वर्षांचं," म्हणाला. "दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्यातली जाळीची पोती हलवली नाहीत. बघ, कसं लांबडं, वाकडं वाढलंय. आळशी माणूस."

तीन आठवड्यांत तो एवढं बोलला नव्हता.

४ नोव्हेंबर

शिंपला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलाय त्यानं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरवलं. कालवं खात नाही ना, नको खाऊ दे. शिंपले आणायचे.

आज आर्काशोंला गेले. क्लोव्हिसला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे. किनाऱ्यावर पांढरे टेबलक्लॉथ घातलेलं एक नवं हॉटेल आहे, तिथं बसले. ताटात बर्फाचा डोंगर, वर समुद्रशेवाळाची सजावट, अर्धं लिंबू जाळीच्या फडक्यात बांधलेलं — बी पडू नये म्हणून. आणि कालवं? नळाखाली धुतलेली! देवाशपथ. उघडून, आतलं पाणी ओतून, वर नळाचं पाणी. मी पोऱ्याला विचारलं तर म्हणतो, "गिऱ्हाइकांना कचकच लागते ना मादाम." मी म्हटलं, मग उकडलेला बटाटा द्या की त्यांना.

तीन शिंपले रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले. पलीकडच्या टेबलावरची बाई बघत राहिली. बघ बाई.

क्लोव्हिसनं एक हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. "ही आपल्या खाडीची नाहीतच. कुठून तरी वाढवून आणलीत, महिनाभर इथल्या पाण्यात बुडवली आणि आपलं नाव लावलं. दाताच्या डॉक्टरनं किती घेतले?"

म्हणजे कळलंय त्याला.

८ नोव्हेंबर

वहीच्या शेवटच्या पानावर यादी करायला घेतली. कुठं खावं, कुठून घ्यावं. कालचं हॉटेल यादीत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टी. सगळी दुकानं बंद. चर्चच्या पायऱ्यांवर इर्मानं गाठलं. इर्मा म्हणजे आमची शेजारीण. तिचे दोन्ही मुलगे कालवांच्या धंद्यात. बंदरात काय झालं ते इर्माला आधी कळतं, मग ज्याचं त्याला.

"अगं मायलीस, तू म्हणे पलीकडच्या बाजारात कालवं घेत होतीस? पैसे देऊन?"

"पैसे देऊन. आणि आधी न देता."

हसली नाही. तिचं खरं दुखणं निराळं आहे. सर्वसंतांच्या सणाला, एक तारखेला, तिनं आमच्याकडे टोपली भरून कालवं पाठवली होती. क्लोव्हिसनं तशीच परत धाडली. "आम्ही काय भिकेला लागलोय?" असं म्हणाला, आणि ते टोपली आणणाऱ्या पोरानं जाऊन जसंच्या तसं सांगितलं. ती देऊन ठेवणार आणि आपल्याकडे परत द्यायला काही नाही — हे त्याला सोसत नाही. मला कळतं. पण इर्माला कोण समजावणार? माफी मागितली. म्हणाली, "तुझ्यावर नाही गं राग." म्हणजे आहे.

संध्याकाळी लेकीचा, कोरीनचा फोन. चोवीस डिसेंबरला येतायत, दोन्ही पोरं घेऊन. "मम्मा, कालवांचं काय?" मी म्हटलं, बघते. "बघते म्हणजे? पप्पांनी उघडलेली कालवं नसली तर तो नाताळ कसला?" फोन ठेवल्यावर क्लोव्हिस म्हणाला, "दुसऱ्याची कालवं टेबलावर येणार असतील तर मी टेबलावर नाही. तुम्ही जेवा."

नातवंडांसमोर हा आतल्या खोलीत बसणार. नाताळच्या संध्याकाळी. ते मी होऊ देणार नाही. सहा आठवडे आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सापडली एक जागा! भूशिराच्या टोकाला एक म्हातारा आहे, ओनेसिम नावाचा, बायको गेलेली. त्याच्या खोपीपुढं चार फळ्या टाकून टेबलं केलीत. पाट्यावर खडूनं लिहिलंय — कालवं, पाव, लोणी, पांढरी वाइन. बाकी काही मागू नका. शेजारी जाळावर चपटी सॉसेजं भाजत ठेवलेली. एक थंड कालव, त्यावर लगेच गरम सॉसेजचा तुकडा — हे ज्यानं शोधून काढलं त्याचं भलं होवो.

चाकू धरायची पद्धतच सांगत होती. बाजूनं आत, एक झटका, शिंपल्याचा चुरा नाही. पहिलं पाणी ओतून टाकतो, दोन मिनिटं थांबतो, कालव पुन्हा आपलं पाणी सोडतं, मग वाढतो. घाई केली तर म्हणतो, "बोर्दोची गाडी सुटतेय का तुमची?" दीड डझन खाल्ली. गोडसर, कोवळ्या अक्रोडासारखी. खाताना रडू आलं थोडं. का ते माहीत नाही. वाइन असेल.

शिंपले मोजले तर एकोणीस. दीड डझनावर एक! पहिल्याच भेटीत. मी त्याच्याकडे बघितलं तर म्हणतो, "तुमचा अंगठा बघितला." माझ्या डाव्या अंगठ्यावर चाकूचे वळ आहेत. ते जात नाहीत.

क्लोव्हिसनं शिंपला बराच वेळ हातात फिरवला. "हा माणूस चांगला आहे. पोती दर उधाणाला उलटतो. पण हट्टी. जुनी पोती फेकत नाही, बघ, जाळीचा व्रण उमटलाय." आणि हसला. खरंच हसला.

यादीत पहिलं नाव.

१८ नोव्हेंबर

वायव्येचा वारा. बंदरात एकही होडी सुटली नाही.

२० नोव्हेंबर

तिसरा दिवस वाऱ्याचा. क्लोव्हिस बसत नाही. खिडकीशी उभा. भरती-ओहोटीचं पुस्तक उघडतो, मिटतो. मध्येच म्हणाला, "त्या ल्योंच्या पोरीकडून आणू नकोस."

मी तिचं नावही काढलं नव्हतं. ल्योंची पोरगी म्हणजे ल्यों शहरातून आलेली सोलेन, जिनं आमचं शेत घेतलं. मार्च ते जून क्लोव्हिसनंच तिला सगळं दाखवलं. इथली रीतच आहे — विकणाऱ्यानं घेणाऱ्याला वर्षभर शेतावर फिरवायचं, चारही ऋतू. जुलैत त्याची कंबर धरली आणि तो जायचा थांबला. मला वाटलं, कमरेमुळं.

"का नको?" विचारलं.

"नको म्हणजे नको."

२६ नोव्हेंबर, बुधवार

गेले. नको म्हणाला म्हणूनच गेले असेन.

आमचीच खोप. दार अजून निळं. फळी तिनं डावीकडून उजवीकडे हलवलीय. चुकीचं आहे, दुपारी तिथं ऊन येतं. पोरगी तिशीची, हात फुटलेले, नाक लाल. मला बघून बिचारी उभीच राहिली, शाळेत मास्तरीण आल्यासारखी.

"मादाम मायलीस, तुमच्याकडून पैसे कसे घेऊ?"

"बरं, नको घेऊस. आधी खायला दे."

तिनं उघडून दिलं. उभ्यानं खाल्लं. आधी समुद्र, मग गोड, मग ते शेवटचं — जे आमच्याच पाण्यात येतं. आमचंच होतं. नाही, थोडं निराळं. जास्त भरलेलं. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

मग ती म्हणाली, "एक विचारू? लोक पुडी घेतात आणि उभेच राहतात. मी काय चुकतेय?" मी तिला तेराव्याचं सांगितलं. आठ महिने हिला हेही कुणी सांगितलं नाही! तिनं विचारलं, "कुणाला द्यायचं ते कसं ठरवायचं?" म्हटलं, ते तुझं तुला कळेल.

निघताना कोपऱ्यात एक पाटी दिसली. बाजूला काढलेली कालवं. एक उघडून दाखवलं तिनं. आतून शिंपल्याला काळा फुगवटा, चिखलाचा. आतला जीव सुकलेला. "पाणवाटेकडची शेवटची ओळ, मादाम. वाऱ्यानंतर गेले तर पोती गाळात रुतलेली. निम्मी तरी जातील. मुसिए क्लोव्हिसना चार वेळा फोन केला. उचलत नाहीत. त्यांना बरं नाही का?"

म्हटलं, कंबर.

दोन शिंपले घेऊन आले. एक चांगला, एक त्या पाटीतला.

चांगला त्यानं आधी उचलला. पाठीवरून बोट फिरवलं. "पाठ गोल आहे. खोल आहे. हात हलका आहे पोरीचा." बोट पुन्हा एकदा फिरवून, "माझ्याहून हलका." मग दुसरा घेतला. काळा डाग उजेडाकडे धरला. खाली ठेवला. आणि आत जाऊन निजला. संध्याकाळचे पाच वाजले होते. मी सूप करून ठेवलं, ते गार झालं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी कॉफी ओतत होते. मागून म्हणाला, "मी तिला सांगितलं नाही."

"काय?"

"शेवटच्या ओळीचं."

पाणवाटेकडची, म्हणजे होड्या जायच्या खोल पाण्याच्या कडेची ओळ सगळ्यांत खाली. तिथं वायव्येच्या वाऱ्यानं गाळ चढतो. सर्वसंतांच्या सणानंतर, पहिला वारा यायच्या आत, तिथली पोती ठेवायची लोखंडी बाकं उचलून खाली ओंडके घालायचे, वीतभर उंची वाढवायची. क्लोव्हिसला त्याच्या बापानं दाखवलं. दुसऱ्या कुणाच्या शेतात ही भानगड नाही, त्यामुळं बंदरात दुसऱ्या कुणाला माहीतही नाही. मलाही नाही — मी फळीवरची, शेतावरची नाही. दर नोव्हेंबरला तो ओंडके घेऊन जायचा तेव्हा मी विचारलंही नाही कधी.

"विसरलास?"

"नाही."

"मग?"

"तिनं विचारलं नाही."

मग म्हणाला, खाली मान घालून, "सगळं विकलं, मायलीस. होडी, खोप, चिमटे, पोती. एवढं एक ठेवलं होतं. माझं म्हणून." सही केली त्याच दिवशी ठरवलं होतं म्हणे, हे नाही सांगायचं. आणि त्याच दिवसापासून कालव घशाखाली उतरेना.

आठ महिने मी समजत होते, खात नाही तो माज आहे. माज नव्हता.

मी चिडले. खूप चिडले. कपबशी आपटली, कान तुटला. म्हटलं, त्या पोरीनं कर्ज काढून घेतलंय तुझं शेत, पैसे मोजून घेतलेस ना? मग विकलेल्या मालातलं अर्धं खिशात ठेवून आलास. असं आपण गिऱ्हाइकाशी कधी केलं? धुतलेलं कालव तरी वाढलं का कधी कुणाला?

आठ महिने मला एका शब्दानं सांगितलं नाही याचा जास्त राग आलाय मला.

२८ नोव्हेंबर

मी जाऊन सांगू शकते. दहा मिनिटांचा रस्ता. दोनदा कोट घातला, दोनदा काढला.

मी सांगितलं तर ओळ वाचेल. हा नाही वाचणार. आणि ओळीला तसाही आज हात लावता येत नाही. भांगाचे दिवस, पाणी तेवढं उतरतच नाही. ती ओळ उघडी पडणार पौर्णिमेच्या उधाणाला, पाच तारखेला. त्याला सांगितलं — चार तारखेच्या संध्याकाळपर्यंत तू गेला नाहीस तर मी जाणार. मग तू नाताळला आतल्या खोलीत बस नाहीतर छपरावर बस.

१ डिसेंबर

बोलणं बंद. त्याचं नव्हे, माझं.

३ डिसेंबर

इर्मानं विचारलं, नाताळची कालवं कुठून घेणार. यादी दाखवली तिला. खायला: ओनेसिम. मंगळवारच्या बाजारात चर्चसमोरची गाडी, पण मोठी घेऊ नयेत. विकत घ्यायला: नुसती रेघ.

"इथं काहीच नाही लिहिलंस," म्हणाली.

"अजून ठरायचंय."

४ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळचे सहा. तो खिडकीशी. मी कोट घातला. दाराच्या मुठीवर हात ठेवला. मागून आवाज, "थांब."

थांबले.

"ओहोटी उद्या अकराची आहे. आत्ता जाऊन ती काय करणार? उद्या नऊला निघावं लागेल." आणि मग, "फोन दे."

मी फोन दिला आणि मुद्दाम अंगणात गेले. खिडकीतून दिसत होता. उभा राहून बोलला. टोपी काढली होती. फोनवर बोलताना टोपी काढणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

किती बोलला? मिनिटभर. आत आले तर म्हणाला, "ती काही बोललीच नाही. म्हणाली, नऊला धक्क्यावर."

५ डिसेंबर, शुक्रवार

खुंटीवर बूट नाहीत. पडवीतले ओंडके नाहीत. किती वाजता उठून ढकलगाडीवर घातले कोण जाणे. कंबर ही अशी.

मी साडेदहाला धक्क्यावर गेले, त्याची दुर्बीण घेऊन. ऊन होतं, वारा नाही. पाणी पार खाली गेलं होतं. लांब पाणवाटेच्या कडेला दोन माणसं. एक वाकून ओढतेय, उचलतेय, चिखलात गुडघ्यापर्यंत. दुसरं उभं, काठी टेकून. काठीनं दाखवतंय — इथं, आता तिथं. मग काठी टाकली आणि खाली वाकलं. मी मोठ्यानं म्हटलं, "अरे वेड्या, नको!" जसं काही तिथं ऐकू जाणार. इर्माचा थोरला मुलगा बाजूला जाळं सोडवत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, काही न विचारता होडीत चढला आणि तिकडे गेला. मग तिघं दिसले.

दीडला परत आले. क्लोव्हिसला दोघांनी धरून वर घेतला. कमरेपर्यंत ओला, तोंड पांढरंफटक. सोलेन माझ्याशी नीट बोलली. त्याच्याकडे बघून मात्र म्हणाली, "तिसरा हिस्सा ओळ गेली, मुसिए. मार्चमध्ये सांगायला हवं होतंत."

"हो," तो म्हणाला.

ती वाट बघत होती, अजून काही म्हणेल म्हणून. तो म्हणाला, "हो. सांगायला हवं होतं. मुद्दाम नाही सांगितलं."

ती पोती मोजायला निघून गेली. हसली नाही, हात मिळवला नाही. का मिळवावा?

६ डिसेंबर

पाठीला शेक. पलंगावरून हलता येत नाही. तरी विचारतोय, जेवायला काय आहे. दोनदा वाढून घेतलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

त्याला ओनेसिमकडे घेऊन गेले. गाडी इर्माच्या मुलानं चालवली. दोघं म्हातारे एकमेकांना ओळखतात असं निघालं, चाळीस वर्षांपूर्वी होड्यांच्या शर्यतीत भांडण झालेलं. ओनेसिमनं ताट पुढं ठेवलं. क्लोव्हिसनं फक्त सॉसेजं खाल्ली.

"शेत विकलंस, दातही विकलेस का?" ओनेसिम म्हणाला.

क्लोव्हिस हसला, पण हात लावला नाही. येताना गाडीत विचारलं. म्हणाला, "कुठल्या तोंडानं खाऊ?" मी त्याचा हात धरला. पोराच्या देखत. बऱ्याच दिवसांनी.

२० डिसेंबर, शनिवार

सोलेनचा फोन, आपणहून. "उधाण आहे. मुसिए क्लोव्हिस येऊ शकतील तर या म्हणावं. वाकायचं नाही, नुसतं बघायचं." दहा मिनिटांत बूट घालून दारात. बाकं जागच्या जागी आहेत, गाळ खालून निघून जातोय. उरलेली ओळ वाचली. दोघं भांडले म्हणे, फळीच्या जागेवरून. ती म्हणाली फळी उजवीकडेच राहणार. घरी येऊन सांगताना खूश होता.

चोवीसच्या कालवांचं मी विचारलं नाही. त्यानंही काढलं नाही.

२४ डिसेंबर

सकाळी टोपली घेऊन निघाला. मी मागोमाग. निळ्या दारापुढं वीस माणसांची रांग. सगळे म्हणत होते, पुढं जा, क्लोव्हिस. गेला नाही. रांगेत उभा राहिला, त्याच्या स्वतःच्या खोपीपुढं, पाऊण तास. नंबर आला. सोलेननं कुणाही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "किती?"

"चार डझन. मध्यम."

मोठ्यानं मोजली तिनं. चारदा बारा. बांधायला आत घेऊन गेली, आणून दिली. यानं पैसे दिले, तिनं घेतले. तो उभा राहिला नाही. लगेच वळला.

घरी पोरं आलीयत, गोंधळ चाललाय. मी आत्ता ओट्यावर टोपली रिकामी केली आणि सवयीनं मोजली. बावन्न.

क्लोव्हिसला सांगितलं. म्हणाला, पुन्हा मोज. पुन्हा मोजली. मग त्यानं खणातून चाकू काढायला सांगितला.